हाव, अंधारच होता

माह्या नवऱ्याचा उजवा डोळा हॉलीवुडनं नेला नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. कारण ते स्वतः अजून तसंच सांगतात. कोणी घरी भेटाले आलं अन् "काय झालं आनंदराव डोळ्याले?" असं विचारलं, की यायची टेप सुरू. "काय सांगू गा, दोन वर्षं झाले, अमेरिकावाले सगळे पिच्चर अंधारातच काढून राहिले. पाहून पाहून डोळा गेला." समोरचा मान हालवते, चहा पिते अन् निघून जाते. मले तवा असा राग येते, की हातातला ट्रे तिथंच आपटावा. डोळा नेला काचबिंदूनं. अन् त्या काचबिंदूले दोन वर्षं घरात ठेवून घेतलं ते आम्ही दोघांनी; यायनं लपवून अन् म्या होले हो, हाव हाव म्हणून. आता डावा उरला आहे, तोबी अर्धा. तो अर्धा तरी राहावा म्हणून माझी सगळी बोंबाबोंब आहे.

आनंदराव गजभिये म्हटलं की प्रताप नगरात अर्धे लोक "ते पिच्चरवाले का?" असं विचारतात. नोकरी यायची कोर्टात, इंग्रजी स्टेनोची. एकतीस वर्षं साहेब बोलत गेले अन् हे उतरवत गेले. साहेब पान खाऊन बोलो का खोकत बोलो, यायच्या वहीत वाक्य सरळच पडे. कान असे तयार, की दोन वकील एकाच वेळी भांडले तरी दोघायचंबी लिहून घेत. मी भंडाऱ्याकडची, सातवी पास. इंग्रजीचा अन् माझा संबंध शिलाई मशीनवर कंपनीचं नाव लिहिलं होतं तेवढाच.

लग्न झालं त्र्याऐंशीत. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हे मले सकाळच्या खेळाले इंग्रजी पिच्चरले घेऊन गेले. म्या म्हटलं, "अहो, मले काय समजन त्यातलं?" तं म्हणाले, "तू पाहाचं काम कर. आयकाचं माह्याकडं." मी यायच्या उजव्या हाताले बसली अन् हे माह्या कानात सुरू झाले. "तो म्हणून राहिला, मी तुले सोडून कधी जाणार नाही. ती म्हणून राहिली, जाय ना, कोणं धरून ठेवलं तुले?" पुढं बसलेला एक जण वळून म्हणाला, "ओ रेडिओ, जरा आवाज कमी." तवापासून आम्ही शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसतो. हे डावीकडं, मी उजवीकडं, अन् अख्खा पिच्चर नागपुरी बोलीत माह्या कानात. मले वाटे, गोरे लोक घरी असेच बोलत असतील.

मंग हिंदीत डब केलेले पिच्चर येऊ लागले. मी म्हटलं, चला, तुमच्या घशाले आराम. माणूस एवढा भडकला! "हिंदीत कायले? हिंदीत पाहाचं तं मले तुले सांगाले काय उरते?" असं म्हणून दोन दिवस धड बोलले नाहीत. तवा मीबी गुमान इंग्रजीतच पाहात आली. खरं सांगू, मलेबी तो कानातलाच पिच्चर आवडे.

रिटायर झाल्यावर रविवारचा शुक्रवार झाला. पिच्चर लागला की पहिल्या दिवशी पहिला खेळ. अन् एक नियम होता आमचा: टॉकीजच्या आत फक्त सांगाचं, मत द्याचं नाही. मत द्याचं ते प्रशिकच्या ठेल्यावर, तर्री पोहे हातात आल्यावर. प्रशिक म्हणजे आमच्याच वस्तीतला पोरगा, बी.कॉम. करून पोह्याचा ठेला टाकला त्यानं. आम्ही दिसलो की दोन प्लेटा भरे, तर्री वरून सोडे अन् विचारे, "काका, पास का नापास?"

मागच्या चार-पाच वर्षांत एकही पिच्चर पास झालेला माह्या ध्यानात नाही.

"नापास!" हे सुरू होत. "मले एक सांग प्रशिक, माणूस मेला की मेला का नाही? आपल्याकडं जलदान झालं, पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले. मंग तो परत येते का? अन् हे पाह्य. मागच्या पिच्चरात यायनं हिरोले मारलं. मी रुमाल काढला, ही तुही ताराकाकू तं हुंदके देऊन रडली. अन् आज तो दुसऱ्या कोण्या पृथ्वीवरून चालत आला! म्हणे पृथ्व्या भल्ल्या आहेत. अबे, इथं एक सांभाळाले होत नाही तुमच्यानं!"

"हाव ना काका," प्रशिक म्हणे अन् शेव जास्त टाके. आगीत तेल ओतण्यात एक नंबरचा.

"अन् ते एक शहर आहे त्यायचं. दर पिच्चरात तेच पाडतात. मागच्या वेळचं बांधलं कवा गा? आपल्या गल्लीचा रोड खोदून ठेवला त्याले पावसाळे दोन झाले. अन् पिच्चर संपला तरी उठू देत नाहीत. नावं येऊ द्या, बसा. अजून नावं येऊ द्या, बसा. अन् शेवटी अर्धा मिनिट दाखवतात, तेबी पुढच्या पिच्चरचं! म्हणजे पंगतीतून हात धुवाले उठलं अन् वाढपी म्हणते, बसा बसा, पुढच्या लग्नातली जिलेबी दाखवतो."

एकदा तं एका म्हाताऱ्या हिरोवरून अर्धा तास चालले. त्याचं तोंड म्हणे कम्प्युटरनं इस्त्री करून तिशीचं केलं होतं. "तोंड तिशीचं, चाल सत्तरची. जिना चढताना गुडघा धरते तो. मले समजत नाही का? माह्याजवळ गुडघे नाहीत का?" अन् अर्ध्यात तोडलेल्या पिच्चरवर तं यायचा विशेष राग. अडीच तास बसवतात अन् शेवट पुढच्या वर्षी. "मी सत्तरीचा माणूस. पुढच्या वर्षीची गॅरंटी कोण देते मले?"

म्या म्हटलं, "अहो, एवढी चीड येते तं जाता कायले?"

"मंग शुक्रवारी काय करू? तू शिवते त्या ब्लाउजायले हूक लावू?"

असं आमचं चालू होतं. मंग हा अंधार आला.

पहिल्यांदा हे म्हणाले तो पिच्चर खरंच काळा होता. रात्रीची लढाई, काळे कपडे, काळे घोडे, कोण कोणाले मारते काही समजेना. ठेल्यावर हे म्हणाले, "नापास. पिच्चर अंधारात काढते साले," तं प्रशिकबी म्हणाला, हाव काका, आजकाल असेच काढतात. बाजूचे दोन कॉलेजचे पोरं बी म्हणाले, हाव, आम्हालेबी दिसलं नाही. झालं. माणसाले तीन जणायची साक्ष मिळाली. तवापासून बाकी सगळे मुद्दे मागं पडले अन् अंधार पहिल्या नंबरवर आला. त्याच्या पुढच्या पिच्चरात अंधार. त्याच्या पुढच्यातबी अंधार. एक पिच्चर तं समुद्राचा होता. दिवसाढवळ्याचं निळं पाणी, मासोळीचे खवलेसुद्धा चमकून राहिले होते. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अंधारात काढला." प्रशिकनं माह्याकडं पाहिलं. अन् मी म्हटलं, "हाव."

काहून म्हटलं? हेच मी आजबी स्वतःले विचारते. माह्या डोळ्यानं पाणी पाहिलं होतं. पण चाळीस वर्षं इंग्रजी पिच्चर म्हणजे यायचं खातं. हे सांगतील ते बोलणं, हे सांगतील तो अर्थ, हे म्हणतील ते पास, हे म्हणतील ते नापास. माह्या मनात आलं, यायले इंग्रजी येते, मले नाही येत. मले जे दिसलं त्यात माझंच काही समजाचं राहिलं असन. दुसरी कोणी बाई असती तं म्हणाली असती, काय बोलता, आंधळे झाले का? मी शहाणी, नवऱ्याच्या हुशारीले हाव म्हणत बसली.

बाकीच्या गोष्टीबी होत्या, अन् त्या आता आठवल्या की स्वतःच्या थोबाडीत मारावं वाटते. आधी हे कानात सांगत, "पाह्य, पाह्य, मागच्या खिडकीत उभा आहे तो." आता फक्त बोलणं सांगत, दिसण्याचं काहीच नाही. मी पॉपकॉर्नचा डबा पुढं केला तं घेत नसत. मले वाटे, रुसले. मीबी मंग डबा मांडीवर ठेवून एकटीच खात बसे. माणसाले त्या बाजूचा डबा दिसतच नाही, हे माह्या डोक्यात काहून आलं नाही? एका पिच्चरात हे कानात म्हणाले, "मेला बिचारा." म्या म्हटलं, "अहो, तो तं तिकडून चालत येऊन राहिला." तं म्हणाले, "तो त्याचा दुसऱ्या पृथ्वीवरचा भाऊ आहे." मी अख्खा पिच्चरभर तो मेलेला भाऊ शोधत बसली. आजकालच्या पिच्चरायचंबी असं, की कोणतीही थाप खपून जाते.

मंग जानेवारीत तो बर्फाचा पिच्चर आला. एक विमान बर्फात पडते अन् त्यातली एकच बाई वाचते, चालत चालत घरी जाते. पहिल्यापासून शेवटपर्यंत बर्फ. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, बाईच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. एवढं लख्ख, की मी पदर डोळ्यावर धरून पाहून राहिली होती. मधात उजव्या बाजूनं एक पांढरं अस्वल आलं, धाडकन. अख्खं टॉकीज ओरडलं. मी यायच्या दंडाले नखं रुतवले. तं हे म्हणतात, "काय झालं वं? कोण ओरडलं?"

ठेल्यावर आलो. प्रशिकनं विचारलं, "पास का नापास?"

"नापास. अख्खा पिच्चर दिवस बुडाल्यावर काढला. दिवा लावाले काय होते यायले?"

"खरं का काकू? अंधार होता?"

"हाव," मी म्हणाली, "अंधारच होता." अन् पोह्याचा घास तोंडात टाकला. जिभेले वळणच पडलं होतं.

स्कूटरवर मागं बसली. दुपारचा एक वाजला होता. ऊन असं, की समोरच्या गाड्यायच्या काचा चमकून राहिल्या होत्या. प्रताप नगरच्या रोडले लागलो तं उजव्या बाजूच्या गल्लीतून एक बाई गाडी घेऊन निघाली. मले दिसली. मले वाटलं, हे आता ब्रेक मारतील. हे सरळच! मी ओरडली, "अहो!" तवा कुठं ब्रेक दाबला. ती बाई पडता पडता वाचली अन् म्हणाली, "ओ काका, दिसत नाही का?" हे तिच्यावरच डाफरले, "मधात तूच आली ना पोरी!"

मी मागं बसलेली. डोळ्यापुढं अजून तो बर्फ.

"अहो, बाजूले घ्या गाडी."

"काहून?"

"घ्या म्हणते ना!"

एका कडुनिंबाखाली गाडी लावली. मी उतरून यायच्या समोर उभी झाली.

"ते अस्वल आलं तवा तुम्ही घाबरले नाही?"

हे माह्याकडं पाहात राहिले. मंग हळूच विचारलं, "कोणतं अस्वल?"

एवढं मोठं अस्वल, हत्तीच्या पिल्लाएवढं, अख्ख्या पडद्यावर आलेलं. यायनं नजर खाली केली अन् स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत बसले.

"कवापासून?" म्या विचारलं.

"दोन वर्षं झाले असतील. आधी कडेकडेनं जाऊन राहिलं होतं. मले वाटलं, पिच्चरच तसे असतील. मंग समजलं."

"अन् मले सांगितलं नाही?"

"तारा," हे म्हणाले, अन् आवाज असा बारीक, की एकतीस वर्षं कोर्टात बसलेला माणूस वाटेना, "मले मायसारखं भिंत धरून फिराचं नाही वं."

यायची माय, रंभाबाई, माझी सासू. शेवटचे सहा वर्षं तिले काही दिसत नव्हतं. खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंत चाचपत जाई. तिच्या तळहाताचा एक काळा पट्टा उमटला होता भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवर. ती गेल्यावर यायनं स्वतः चुना मारला, दोनदा मारला, तरी तो पट्टा वर येत राहिला. मंग आम्ही तिथं कपाट ठेवलं. तवा कोणी डॉक्टरले विचारलं नव्हतं. म्हातारपणी होतेच असं, म्हणून सोडून दिलं होतं.

मले दया आली असन, असं वाटते ना तुम्हाले? दया नंतर आली. आधी राग आला. रस्त्यावर उभी राहून मी जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मले मागं बसवून दोन वर्षं हा माणूस एका डोळ्यानं गाडी चालवून राहिला होता! अन् मी! मी कानात तेल घालून झोपलेली नव्हती, मी तं डोळे उघडे ठेवून आंधळी झालेली होती. तिथंच पदर तोंडाले लावून रडली. मंग म्हटलं, "चला. आता तुम्ही चालवाची नाही, अन् मले चालवता येत नाही." दोघांनी मिळून ती स्कूटर दीड किलोमीटर ढकलत घरी आणली. एक हँडल यायनं धरलं, एक म्या.

दुसऱ्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरणीकडं नेलं. तिथं एक मशीन होती, पांढऱ्या टोपल्यासारखी. त्यात तोंड घालून बसाचं. आत बारीक बारीक ठिपके चमकतात, दिसला ठिपका की हातातलं बटन दाबाचं. मी बाजूच्या स्टुलावर बसली. तिथल्या पोरीनं आधी डाव्या डोळ्यावर पट्टी लावली अन् उजव्याचं सुरू केलं. हे बसले बटन धरून. बटन वाजेच ना. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "पोरी, मशीन सुरू कर ना. कवाचा बसलो मी."

"सुरूच आहे काका."

"कवापासून?"

"चार मिनिटं झाली."

मंग हे त्या टोपल्यात तोंड तसंच ठेवून बसून राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहात बसली, कारण यायच्या पाठीकडं माह्यानं पाहवत नव्हतं.

डॉक्टरणीनं नीट समजावून सांगितलं. काचबिंदू. घरात आईले होता तं पोरायनं दर वर्षी तपासाले पाहिजे होतं. उजव्यातलं जवळजवळ गेलं. डाव्यातलं अर्धं आहे, ते औषधाच्या थेंबानं राहीन, सकाळी एक, संध्याकाळी एक, जन्मभर, एक दिवसबी चुकवाचा नाही. चुकवलं तं तेबी जाईन.

"अन् गेलेलं?" यायनं विचारलं.

"गेलेलं परत येत नाही, काका."

पायऱ्या उतरताना यायनं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "चला, इथं तरी गेलेलं परत येत नाही. हे लोक नियमानं चालून राहिले." मले हसू आलं, अन् हसू आलं म्हणून अजूनच राग आला.

पुण्याले आमची पोरगी आहे, अदिती. तिनं फोनवर बापाले भल्लं झापलं. हे आयकून घेत होते. स्कूटर तिच्या सांगण्यावरून विकली. त्या शुक्रवारी पिच्चर नाही. पुढच्या शुक्रवारी नाही. तिसऱ्या शुक्रवारी तं नवा पिच्चर लागल्याचं सांगितलंसुद्धा नाही. हे खाटेवर पडून छत पाहात. मी थेंबाचं विचारलं की म्हणत, "टाकले." सकाळी विचारलं, टाकले. संध्याकाळी विचारलं, टाकले.

महिना झाला. डॉक्टरण म्हणाली होती, शिशी महिनाभर पुरते. म्हटलं, नवी आणावी. फ्रिजच्या दारातून शिशी काढली, उजेडात धरली तं भरलेली! वरचं झाकण तोडलंसुद्धा नव्हतं.

ती शिशी घेऊन मी यायच्यासमोर उभी झाली. "हे काय?"

यायले शिशी दिसली का नाही माहीत नाही, पण माझा आवाज समजला.

"कायले टाकू वं?" हे म्हणाले. "पेपर धड वाचता येत नाही. गाडी नाही. पिच्चर नाही. अर्धा डोळा राखून करू काय? छत पाहू?"

"म्हणजे तोबी जाऊ देणार? मले आयुष्यभर भिंत पुसाले लावणार?"

हे बोलून गेली अन् मलेच चटका बसला. यायनं तोंड भिंतीकडं केलं. पण मी मागं हटली नाही. रागानं आग झाली होती अंगाची. म्या तिथंच अदितीले फोन लावला अन् म्हटलं, "शुक्रवारचे दोन तिकीट काढ. पहिला खेळ. शेवटची रांग, कोपरा. इंग्रजी, हिंदी नाही."

"काय डोकं फिरलं का तुह्यं?" हे उठून बसले. "मले दिसत नाही, तुले समजत नाही. दोघं जाऊन काय करू तिथं?"

"तुम्ही आयकाचं काम करा," म्या म्हटलं, "पाहाचं माह्याकडं."

मी शिशीचं झाकण तोडलं अन् म्हटलं, "मान मागं करा. थेंब टाकल्याशिवाय पिच्चर नाही. आजपासून टाकणार मी, दोन्ही वेळचे." म्हाताऱ्यानं मान मागं केली. पहिला थेंब गालावर गेला. दुसरा बरोबर पडला.

शुक्रवारी मेट्रोनं बर्डीच्या बाजारात गेलो. टॉकीजमध्ये मी यायच्या डाव्या हाताले बसली, पहिल्यांदाच. हे कुरकुरले, "इकडून कवा बसली नाही तू." मी म्हटलं, "आता इकडूनच. इकडून मी दिसते तरी." पॉपकॉर्न पुढं केलं, तं हात बरोबर डब्यात गेला.

पिच्चर सुरू झाला. दोन रेडिओ एकदम लागले.

"तो म्हणून राहिला, जग वाचवाले पाहिजे," हे माह्या कानात.

"एक माणूस उडून राहिला," मी यायच्या कानात. "निळे कपडे. त्याच्या मागं दुसरा उडून राहिला. इमारत पडली."

"तेच शहर?"

"तेच."

"कोणी मेलं का?"

"एक मेला. थांबा... उठला."

यायनं कपाळावर हात मारला. "नापास!"

"मत ठेल्यावर," मी दटावलं. पण खरं सांगते, मलेबी चीड येऊन राहिली होती. चाळीस वर्षं नुसतं पाहून घेतलं, तवा समजलं नाही. आता एकेक गोष्ट तोंडानं सांगाची म्हटल्यावर समजलं, की सांगण्यासारखं काहीच नाही त्यात. उडला, पडला, फुटलं, उडला. यायचे सगळे मुद्दे बरोबर होते. एक सोडून.

अर्धा पिच्चर झाला अन् ते निळे कपडेवाले कोण्या गुहेत शिरले. मी बोलता बोलता थांबली.

"काहून चूप झाली?"

"काही दिसून नाही राहिलं."

यायचा खुर्चीवरचा हात आखडला. "माह्यासाठी म्हणून राहिली का? खरं सांग. तुह्यं ते हाव आता मले नाही पाहिजे."

तवा म्या चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, पुढं वाकली अन् पडदा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पाहिला. दोन वर्षांत एकदा तरी असा पाहाले पाहिजे होता. काही नाही. कोण कोणाले मारून राहिलं, काही नाही. फक्त धडाम धुडूम आवाज अन् गुडुप काळं.

"तुमच्या उरलेल्या डोळ्याची शपथ," म्या म्हटलं, "खरा अंधार आहे. मलेबी काही दिसत नाही."

हे असे हसले, असे हसले, की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं अन् म्हणाला, "ओ काका, आवाज कमी करा ना."

"सांगत होतो ना मी!" हे म्हणाले, अन् माझा हात घट्ट धरला. "सांगत होतो ना! अंधारातच काढतात साले!"

"हाव," म्या म्हटलं. "अंधारच आहे."